मदत हवी आहे : गाडीत डोक्यावर मासे गरवायचे रॉड कसे टांगावेत? (आईच्या पदराला गरी म्हणजे गळ लागला त्यानंतरचा धागा)

गरवणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला महिन्या-दीड महिन्यातून आमची एक फेरी असते. गाडी सात आसनी, २०१६ची. माणसं पाच : आम्ही दोघं, आई आणि दोन पोरं. डिकीत बर्फाची पेटी, बॅगा, पोरांची फावडी-बादल्या. रॉडना जागा उरते ती फक्त छताखाली.

रॉड तीन. एक ७ फुटी अखंड, बाकीचे दोन ८ आणि १० फुटी, पण दोन तुकड्यांचे. मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत छतालगत टेप लावून मोजलं तर पावणेआठ फूट भरलं, त्यामुळे अखंड रॉड जेमतेम मावतो. तुकड्यांचे रॉड जोड सोडून, दोरा ओवलेलाच ठेवून, दोन्ही भाग शेजारी-शेजारी वेल्क्रोने बांधतो. भरतीची वेळ गाठायची असते, तिथे पोचून कड्यांमधून दोरा ओवत बसायला नको वाटतं.

आतापर्यंतचा जुगाड असा : मधल्या सीटच्या वरची दोन हँडलं आहेत, त्यांत स्कूटरच्या कॅरियरला लावतात ती हुकवाली इलॅस्टिक दोरी आडवी ताणायची आणि रॉड तिच्यावर ठेवायचे. तिसऱ्या रांगेला हँडलच नाहीत, म्हणून मागचा भाग बॅगांच्या ढिगावर. घाटात दोरी हळूहळू ओघळते. गेल्या खेपेला माणगावच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी उडाली, पॉपरची (हे नकली आमिष) तीनतोंडी गरी कडीतून सुटली आणि थेट आईच्या पदरात. बायको म्हणे गरी काप, मी म्हणे पदराचा धागा काप. गरी नवी होती हो. शेवटी पदर कापला. आई काही बोलली नाही. म्हसळा येईपर्यंत काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

कॅरियर लावून बाहेर छतावर ठेवा हे कृपया सुचवू नका. जेवायला थांबलो तरी जीव वर टांगलेला राहतो. डोक्यावरचीच काहीतरी पक्की सोय सांगा. आणि टोक पुढे ठेवावं की मूठ?

*

मरळवेडा :
पडद्याची स्प्रिंगवाली दांडी आणा. दोन हँडलांच्या मध्ये घट्ट बसते, ओघळत नाही. वर कपड्याचे चिमटे लावले की झालं.

तेरा-चौदा पाना :
दांडी अजिबात नको. मागे बसलेल्याच्या कपाळासमोर लोखंडी दांडी म्हणजे ब्रेक लागला की टाके.

धागाकर्ते, त्याआधी एक बघा. गाडीला कर्टन एअरबॅग आहे का? ती दारांच्या वर, छताच्या कडेच्या अस्तराखाली गुंडाळून बसवलेली असते आणि फुगताना खिडकीवर खाली उतरते. तिच्या वाटेत हँडलला काही बांधलेलं असेल तर एकतर ती नीट उघडणार नाही, नाहीतर बांधलेली वस्तू माणसावर भिरकावेल. दारांमधल्या खांबाच्या वरच्या टोकाला किंवा छताच्या कडेला एअरबॅगची खूण शोधा, आणि गाडीचं पुस्तक उघडा. कर्टन असेल तर हँडलांचा विषयच संपला.

गरवणारा (धागाकर्ता) :
पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढलं. फक्त पुढच्या दोन आहेत, बाजूला काही नाही. म्हणजे हँडलं वापरता येतील ना?

तेरा-चौदा पाना :
येतील, पण वजन कमी करा. रीळं काढून खाली बॅगेत टाका. रॉड असतो हलका, बराचसा भार रिळाचा.

गरवणारा (धागाकर्ता) :
रीळ काढलं की दोरा पुन्हा ओवणं आलं.

तेरा-चौदा पाना :
मग ओवा. पाच मिनिटं लागतात. पदर कापायला किती लागली?

तांडेल-पोर :
😂 दादा, आमच्या होडीत छपराखालीच रॉड असतात. पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे कापून लांबीत चीर दिलीय, रॉड त्यात खालून दाबून बसवायचा. पण होडी आपटते वर-खाली, म्हणून आम्ही वरून अडवतो. तुमची गाडी ब्रेकला सगळं पुढे फेकते. तुम्हाला मागून धरायला हवं. होडीतलं जसंच्या तसं उचलू नका.

मूठ तिसऱ्या रांगेच्या हेडरेस्टच्या दांड्यांना वेल्क्रोने आवळून बांधा, दोन ठिकाणी. टोक पुढे आणि वर, आडव्या पट्ट्यावर नुसतं टेकलेलं. टोक कधी बांधायचं नाही, त्याला हलायला मोकळीक पाहिजे. मूठ पुढे ठेवलीत तर टोक डिकीच्या दाराकडे जाणार, आणि ते दार आपटताना किती टोकं गेलीत ते विचारू नका.

इलॅस्टिकऐवजी सामान बांधायचा नायलॉनचा पट्टा घ्या, बकलवाला. ओढून ताठ करता येतो.

मरळवेडा :
बरं, दांडी मागे घेतो. पण गरी रॉडवर ठेवून प्रवास करायचाच नाही, हे आधी लिहायला हवं होतं सगळ्यांनी.

दोरा ताणून गरी कडीत अडकवली की रॉड तासन्‌तास वाकलेला राहतो, तेही वाईटच. आणि उन्हात गाडी लावणार असाल तर रॉड छताखाली सोडू नका. टोकाची कडी बहुतेक वेळा गरम करून लावायच्या गोंदानेच चिकटवलेली असते. मे महिन्यात माझी सैल होऊन फिरली होती, दोरा टाकताना कळलं. रबरी आमिषंही वितळून डब्याला चिकटतात, ती वेगळीच कटकट.

गरवणारा (धागाकर्ता) :
काल घराखाली करून बघितलं. पट्टा मधल्या हँडलांना ताठ बसला. त्यावर पाण्याच्या पाइपला घालतात त्या काळ्या फोमचे तीन तुकडे ओवले, प्रत्येकाला वरून खाच, एकेक रॉड त्यात. मुठी मागे हेडरेस्टला. ७ फुटीचं टोक पुढच्या काचेपासून चार बोटं लांब राहतंय. मोकळ्या रस्त्यावर दोनदा करकचून ब्रेक मारला, काही सरकलं नाही. आरशातून मागचं दिसायला उजवीकडचा रॉड थोडा आड येतो, तो आता डावीकडे नेतो.

गऱ्या आणि रीळं डब्यात, डबा माझ्या सीटखाली.

फक्त एक राहिलं. पट्ट्याचं बकल हँडलाच्या प्लास्टिकवर घासून कुरकुरतं. कुणी काही लावलंय का तिथे? आई म्हणाली, जुन्या पदराचा तुकडा आहे, तो गुंडाळ.