‘फायर कॅप्टन’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याच्या ‘कंपनी’ला?

अनुवादाचं टेबल

अमेरिकेतल्या अग्निशमन दलाचं एक पदवर्णन मराठीत आणायचं आहे. शीर्षक ‘फायर कॅप्टन : कर्तव्ये आणि नेतृत्वाच्या जबाबदाऱ्या’. पहिल्याच शब्दावर गाडी अडली. ‘अग्निशमन कप्तान’ लिहिलं की क्रिकेटचा संघ आठवतो, ‘केंद्र अधिकारी’ लिहिलं की आपल्याकडचं पद डोळ्यापुढे येतं. पुढे मसुद्यात ‘कंपनीचा प्रमुख’, ‘ट्रकवरील कर्मचारी’, ‘ओळ आत नेणे’, ‘आगीनंतरची दुरुस्ती’ असं बरंच काही झालंय. वाचून माझीच मला शंका येतेय. जाणकारांनी सांगावं.

शुद्धपक्ष

‘अग्निदलनायक’ का नको? नायक म्हणजे नेणारा. शब्द आपला आहे, अर्थ नेमका आहे.

वर्दीबुक

नायक ठीक, पण ‘दल’ चुकतं. मराठीत अग्निशमन दल म्हणजे अख्ख्या शहराचं दल. त्याचा नायक मुख्य अग्निशमन अधिकारी होईल. फायर कॅप्टनच्या हाताखाली असते एक गाडी आणि तिच्यावरची माणसं. स्टेशनात एकच गाडी असेल तर स्टेशनही त्याच्याकडेच.

‘केंद्र अधिकारी’ही तंतोतंत बसत नाही. आपली पदांची उतरंड इंग्रजांच्या घडणीची : फायरमन, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, मग विभागीय अधिकारी. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातही सब ऑफिसरचा अभ्यासक्रम वेगळा आणि स्टेशन ऑफिसरचा वेगळा. अमेरिकेची शिडी दुसरी आहे : फायरफायटर, बऱ्याच दलांत मध्ये चालक-पंपचालक, मग लेफ्टनंट, कॅप्टन, आणि अनेक गाड्यांवरचा वरिष्ठ म्हणजे बटालियन चीफ. आपला सब ऑफिसर गाडीबरोबर वर्दीवर जातो, स्टेशन ऑफिसर केंद्र सांभाळतो आणि मोठ्या वर्दीला स्वतः निघतो. त्यांचा कॅप्टन या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. पदाला पद जुळवत बसलात तर दोन्हीकडून फसाल.

(‘वर्दी’ म्हणजे इथे पोशाख नव्हे, आगीची खबर. ‘खोटी वर्दी’ मधली वर्दी.)

मचवा

मग ‘तांडेल’ घ्या की! पुणे महापालिकेच्या अग्निशमन दलात तांडेल हे पद आहेच; बातम्यांत ‘तांडेल व फायरमन यांनी’ असं नेहमी येतं. शब्द समुद्रावरचा. मचव्यावर तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या, स्वतः दोरीला हात लावणारा. कॅप्टनही मुळात जहाजावरचा आणि पलटणीतलाच ना? ‘कप्तान’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि गंमत म्हणजे ‘बंब’ही. त्यांचा ‘बोंबा’ म्हणजे पंप. तोच पुढे आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा होऊन बसला.

वर्दीबुक

तांडेल मलाही मोहात पाडतो. कामाचा स्वभाव अगदी जुळतो : हुकूम देणारा आणि हातही लावणारा. पण पुण्यातला तांडेल लीडिंग फायरमनच्या पातळीवरचा. कॅप्टनला तांडेल म्हटलंत तर पुणेकर वाचक त्याला दोन पायऱ्या खाली उतरवेल.

न्यूजर्सीकर

आधी ‘कंपनी’ सोडवा, कॅप्टन आपोआप सुटेल. अमेरिकेत फायर कंपनी म्हणजे व्यापारी कंपनी नाही आणि लष्करातली शंभरावर जवानांची तुकडीही नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली तेव्हा कंपनी म्हणजे एकमेकांचं घर वाचवायला बांधील असलेली मंडळी. आज त्याचा अर्थ एक वाहन अधिक त्यावरची माणसं. ‘इंजिन कंपनी’ पाणी, पंप आणि होज (पाण्याची लवचीक नळी) घेऊन येते. ‘ट्रक’ किंवा ‘लॅडर कंपनी’ शिड्या आणि तोडफोडीची हत्यारं घेऊन. तिचं काम दारं उघडणं, माणसं शोधणं, छप्पर किंवा खिडक्या फोडून धुराला वाट देणं. म्हणून तुमचं ‘ट्रकवरील कर्मचारी’ वाचून मालवाहतूकच डोळ्यापुढे येणार. ‘शिडीगाडी’ म्हणा.

आणखी एक. गाडीवरच्या अधिकाऱ्याला त्यांच्याकडे ‘कंपनी ऑफिसर’ म्हणतात आणि त्यात लेफ्टनंट व कॅप्टन दोघेही येतात. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीला एक कॅप्टन आणि तीन लेफ्टनंट. चौघेही आळीपाळीने गाडीवर बसतात, पण गाडीची निगा, प्रशिक्षण आणि शिस्त यांचा चोवीस तासांचा जाब कॅप्टनला. लॉस एंजेलिस शहराच्या दलात लेफ्टनंट हे पदच नाही, तिथे कॅप्टन एक आणि कॅप्टन दोन. आमच्या न्यू जर्सीत स्वयंसेवी कंपन्या भरपूर, त्यांत बऱ्याच ठिकाणी सभासद कॅप्टनला मतदानाने निवडतात. तेव्हा पदवर्णन कुठल्या शहराचं आहे ते पाहून मगच ‘कॅप्टनच्या हाताखाली लेफ्टनंट असतात’ असं लिहा.

जाता जाता : त्यांच्या कॉलरवर कॅप्टनचे दोन ‘बिगुल’ असतात, लेफ्टनंटचा एक. तेही बिगुल नव्हेत. रेडिओ नव्हता तेव्हा हुकूम ओरडून सांगायचे ते कर्णे आहेत.

अनुवादाचं टेबल

कर्ण्याबद्दल आभार, मी ‘तुतारी’ करून बसलो होतो. आता ‘नेतृत्वाच्या जबाबदाऱ्या’. मूळ मजकुरात प्रेरणा देणे, समन्वय साधणे, परिस्थितीचे मूल्यमापन करणे अशी यादी आहे.

वर्दीबुक

ही यादी मराठीत जशीच्या तशी आणलीत तर ती बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही लागू पडेल. प्रत्येक शब्दामागे नेमकं काम काय आहे ते बघा, क्रियापद सापडेल.

‘मूल्यमापन’ म्हणजे त्यांचं ‘साइझ-अप’. मराठीत सरळ ‘अंदाज घेणे’. तो गाडी थांबायच्या आधीच सुरू होतो. इंजिन, म्हणजे पंपाची गाडी, इमारतीच्या तोंडाशी उभं करत नाहीत, थोडं पुढे नेऊन थांबवतात. त्याने दोन गोष्टी साधतात : जाता जाता कॅप्टनला तीन बाजू दिसतात आणि दर्शनी जागा मागून येणाऱ्या शिडीगाडीला मोकळी राहते. होज लांबवता येतं, शिडी लांबवता येत नाही. गाडी दारातच अडवली की पुढची दहा मिनिटं कोणी काहीही केलं तरी शिडी खिडकीला लागत नाही.

चौथी बाजू पायी फिरून बघायची. समोरून दुमजली दिसणारं घर उतारावर असेल तर मागून तिमजली निघतं आणि आग असते सर्वांत खालच्या मजल्यावर. हे न बघता माणसं वरून आत शिरली की आगीच्या डोक्यावर उभी राहतात. बाजूंना ते ए, बी, सी, डी म्हणतात : रस्त्याकडची ए, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे डावी, मागची, उजवी. मराठीत अ, ब, क, ड चपखल बसतं.

मग रेडिओवरचा पहिला निरोप. साधारण असा :

‘इंजिन बारा जागेवर. दुमजली लाकडी घर, वरच्या मजल्यावर अ-ब कोपऱ्यातून दाट धूर. पावणेदोन इंची लाइन घेऊन आत जातोय. ताबा इंजिन बाराकडे.’

कोण, काय दिसतंय, काय करतोय, हुकूम कोणाचा. एवढंच. निरोप लांबला की मागून येणाऱ्या गाड्यांना रेडिओच मोकळा मिळत नाही.

शुद्धपक्ष

‘ताबा’ घराचा किंवा गुन्हेगाराचा घेतात. इथे ‘आधिपत्य’ हवं.

वर्दीबुक

आधिपत्य रेडिओवर उच्चारून बघा, तेही तोंडावर मास्क लावून. ‘ताबा’त देणं-घेणं आहे, म्हणून मला तो आवडतो. पहिला पोचलेला कंपनी ऑफिसर घटनास्थळाचा प्रमुख असतो. बटालियन चीफ आला की त्याला माणसं कुठे आहेत, काय झालं, काय उरलं ते सांगून ताबा द्यायचा, शक्यतो समोरासमोर. चीफ आला म्हणजे ताबा आपोआप गेला असं धरलं तर काही मिनिटं दोघं हुकूम देतात, नाहीतर कोणीच देत नाही.

मचवा

आणि ‘ओळ आत नेणे’?

वर्दीबुक

लाइन म्हणजे पाण्याने भरायचं होज. आपल्याकडेही ‘लाइन’च म्हणतात, तसंच ठेवा. पण अनुवादकाला तिच्यातलं गणित माहीत हवं, कारण कॅप्टनच्या निम्म्या निर्णयांच्या मुळाशी तेच आहे. तिकडच्या इंजिनात बहुधा ५०० गॅलनची टाकी, म्हणजे सुमारे १,९०० लिटर. पावणेदोन इंची लाइन मिनिटाला १५० गॅलन घेते. टाकी सव्वातीन मिनिटांत रिकामी. अडीच इंची लाइन २५० गॅलन घेते, तिला दोनच मिनिटं पुरते. त्यामुळे ‘पाणीपुरवठ्याची खातरजमा करणे’ या गुळमुळीत वाक्याचा खरा अर्थ असा, की माणसं आत गेल्यावर तीन मिनिटांच्या आत हायड्रंटचं (रस्त्याकडेच्या अग्निशमन नळाचं) पाणी पंपाला लागलं पाहिजे. नाहीतर आत असतानाच त्यांच्या हातातली लाइन मऊ पडते.

आपलाही हिशेब करून बघा. ब्रँचमधून (होजच्या टोकाच्या फवारणीच्या तोटीतून) मिनिटाला किती लिटर जातं, तर तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले दाबाचं (बारमध्ये) वर्गमूळ, गुणिले दोन-तृतीयांश. २० मिमी तोंड, ४ बार दाब : ४०० गुणिले २, त्याचे दोन-तृतीयांश, म्हणजे ५३३ लिटर. ४,५०० लिटरचा बंब एका ब्रँचला साडेआठ मिनिटांच्या आतबाहेर पुरतो, दोन ब्रँच लावल्या तर सव्वाचार.

न्यूजर्सीकर

यादीत ‘अकाउंटेबिलिटी’ असेल, तिचं ‘उत्तरदायित्व’ करू नका. आगीच्या जागी ती शब्दशः माणसांची मोजणी आहे. कोण कुठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वेळ आत आहे. ठरावीक वेळाने, काही कोसळलं की, किंवा सर्वांना बाहेर बोलावलं की रेडिओवर विचारणा होते आणि प्रत्येक कॅप्टन आपला आकडा सांगतो. ‘हजेरी’ हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो.

वर्दीबुक

हजेरी उत्तम. त्यात हवेचाही हिशेब येतो. बीए सेटचा (पाठीवरच्या श्वसनसंचाचा) ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटं. होज ओढत जिना चढणारा माणूस ६० लिटर सहज ओढतो, मग अर्धा तास. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, तेव्हा उरलेले ३३० लिटर त्याला साडेपाच मिनिटं पुरतात. आत शिरायला आठ मिनिटं लागली असतील तर शिट्टी वाजल्यावर वळणं म्हणजे उशीर झाला. म्हणून कॅप्टन शिट्टीची वाट बघत नाही. मध्येमध्ये हवेचा दाब दाखवणारं गेज बघतो आणि ज्याची हवा सर्वांत कमी, त्याच्या हिशेबाने अख्खी जोडी वळवतो. ‘सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे’ लिहिलंय ना तुमच्याकडे? ते हे.

कॅप्टनची नेहमीची चूक कुठली, तर स्वतः नोझल (तिकडची ब्रँच) धरणं. नोझल हातात आलं की नजर ज्वाळेला चिकटते. मागे छत खाली येतंय, धुराचा रंग आणि वेग बदलतोय, उष्णता डोक्यावरून खांद्यावर उतरतेय, हे कोणी बघत नाही. त्याची जागा नोझलवाल्याच्या पाठीशी, एक हात त्याच्या खांद्यावर. दुसरी चूक, लाइनमध्ये पाणी यायच्या आधी दार उघडणं. बंद खोलीत हवेवाचून गुदमरलेली आग दार उघडताच भडकते आणि वाट धरते ती त्याच दाराची.

शुद्धपक्ष

मान्य. ‘आधिपत्य’ मागे घेतो. ‘दुरुस्ती’चं काय?

वर्दीबुक

‘ओव्हरहॉल’ म्हणजे विझल्यावर भिंतीच्या पोकळीत, छताच्या आत, गाद्यांत दडलेली धग उकरून काढणं. आपले लोक त्या टप्प्याला ‘कूलिंग’ म्हणतात, पण कूलिंगमध्ये पाणी मारणं मुख्य आणि ओव्हरहॉलमध्ये उघडून बघणं. ‘धग शोधणे’ लिहा. इथेच माणसं मास्क काढतात. धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून मोजून बघेपर्यंत मास्क काढू न देणं हेही कॅप्टनचंच काम. आणि उकरताना आग जिथून लागली ती जागा विस्कटायची नाही, तपास करणारे मागून येतात.

स्टेशनातली कामं थोडक्यात उरका : पाळी बदलताना टाकी, पंप, बीए सेट, हत्यारांचं इंधन तपासून घेणं, रोजचा सराव, हद्दीतल्या इमारती आधी जाऊन बघून ठेवणं, वर्दीचा अहवाल, रजा, शिस्त.

अनुवादाचं टेबल

असं करतोय, बघा :

‘फायर कॅप्टन हा एका गाडीचा आणि तिच्यावरच्या पथकाचा प्रमुख असतो. (यापुढे : गाडीप्रमुख.) पथकात सहसा चौघे असतात. घटनास्थळी पहिला पोचल्यास वरिष्ठ येईपर्यंत ताबा त्याच्याकडे असतो. तो आगीचा अंदाज घेतो, रेडिओवर निरोप देतो आणि तिघांना लाइन घेऊन आत पाठवतो.’

मचवा

‘गाडीप्रमुख’ चालेल. तांडेलाची हळहळ राहीलच.

न्यूजर्सीकर

‘गाडीप्रमुख’ लेफ्टनंटलाही लागू होतो, तेव्हा पदाचं नाव म्हणून ‘फायर कॅप्टन’ ठेवा आणि काम सांगताना ‘गाडीप्रमुख’.

वर्दीबुक

शेवटचं वाक्य बदला. ‘पाठवतो’ नाही, ‘घेऊन जातो’. तिकडचा कॅप्टन पथकाबरोबर आत जातो. आणि ‘तिघांना’ही नाही. चौघांत एक तो स्वतः, एक चालक, जो पंप सोडून हलत नाही. उरले दोघे. त्यांच्या कामगार सुरक्षा नियमानुसार धुरात दोघे आत असतील तर दोघे बाहेर तयार हवेत. त्यातला एक पंपावरचा चालक चालतो. म्हणजे दुसरी गाडी येईपर्यंत, आत कोणी अडकल्याचं माहीत नसेल तर, ‘एकाला घेऊन आत जातो’.