गुडघ्यातलं कार्टिलेज: एसीआय की स्टेम सेलचं इंजेक्शन?

खड्डा_गुडघा: वय ३१. मांडीच्या हाडाच्या आतल्या गोट्यावर ३ चौ. सेंमी. कार्टिलेज (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर) हाडापर्यंत उडालंय, बाकी गुडघा ठीक. एकीकडे दोन ऑपरेशनांचं एसीआय (कार्टिलेजच्या पेशी लॅबमध्ये वाढवून परत बसवणं) सुचवलंय, दुसरीकडे स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) एकच इंजेक्शन. दोन्हीकडे पेशीच, मग दोनदा कापाकापी कशाला?

दुर्बीणवाला: एसीआयमध्ये पेशी तुमच्याच कार्टिलेजच्या लागतात. म्हणून आधी दुर्बिणीतून, वजन न येणाऱ्या कडेवरून २००-३०० मिलिग्रॅमचा तुकडा घेतात आणि लॅबमध्ये ४-६ आठवडे पेशी वाढवतात. दुसऱ्या वेळी खड्ड्याच्या कडा निरोगी भागापर्यंत उभ्या कापून तळ खरवडतात. खरी कसोटी इथे: हाडातून रक्त येता कामा नये. रक्तासोबत अस्थिमज्जेतल्या पेशी आल्या की व्रणासारखं तंतुमय कार्टिलेज धरतं. १९९४ मध्ये स्वीडनमधून पहिला अहवाल आला तेव्हा वर हाडाच्या आवरणाचं ठिगळ शिवत. ते फुगायचं, मग पुन्हा दुर्बीण घालून तासा! आता कोलाजेन या प्रथिनाचा पडदा आणि तो चिकटवायला फायब्रिन ग्लू.

सरळ_पाय: तारीख घेण्याआधी उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढा. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असेल तर सगळा भार याच खड्ड्यावर येतो; हाड सरळ न करता पेशी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. लिगामेंट आणि मेनिस्कसही (दोन हाडांमधली अर्धचंद्राकार चकती) तपासा. (लोक कार्टिलेज आणि मेनिस्कस दोन्हीला 'गादी'च म्हणतात, रिपोर्ट नीट वाचा.) 'आधी मायक्रोफ्रॅक्चर (खालच्या हाडाला बारीक भोकं पाडणं) करून बघू' हेही नको. त्याने खालचं हाड घट्ट होतं आणि नंतरचं एसीआय फसण्याची शक्यता वाढते.

खड्डा_गुडघा: आणि इंजेक्शन?

दुर्बीणवाला: सांध्यात मोकळ्या सोडलेल्या पेशी नेमक्या खड्ड्यात बसतील कशावरून? भारतात २०२२ मध्ये मंजुरी मिळालेलं स्टेमप्युसेल दात्याच्या मज्जेतल्या पेशींचं आहे, डोस अडीच कोटी पेशी. पण ते गुडघ्याच्या झिजेच्या ग्रेड २-३ (मध्यम टप्प्याच्या) संधिवातासाठी, तुमच्यासारख्या एकट्या खड्ड्यासाठी नाही. पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) तर पेशी-उपचारात मोडतच नाही.

फिजिओ_कट्टा: ऑपरेशननंतरचं वेळापत्रक कुणी सांगत नाही. गुडघा हलवणारं सीपीएम मशीन रोज ६-८ तास, कुबड्या, पूर्ण वजन ८-१२ आठवड्यांनी, धावणं वर्षाच्या आत नाही. तीन महिन्यांत दुखणं कमी होतं आणि लोक उकिडवं बसू लागतात. आतलं कार्टिलेज तेव्हा अजून मऊच असतं. अचानक खटका बसला, गुडघा अडकला किंवा सुजला तर पडदा सुटलाय का, हे एमआरआयवर लगेच बघून घ्या.