नेपाळमध्ये अनाथ मुलांसोबत व्हॉलंटिअरिंग, कोणी केलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही पार्ल्याचे. भाची टीवायची परीक्षा झाली की महिनाभर काठमांडूला अनाथ मुलांना शिकवायला जाणारे म्हणतेय, एजन्सी त्याचे चांगले पैसेही घेतेय. तिचं मन साफ आहे हो, पण मी वाचलं की नेपाळ, कंबोडियात अशा संस्थांमधल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत असतात, परदेशी पाहुणे नि देणग्या येतात म्हणून गावाकडून मुलं आणली जातात, ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावेळी हा प्रकारही अशा गुलामगिरीत धरला. शिवाय लळा लावून ही ताई निघून येणार, मग दुसरी जाणार, त्या पोरांनी करायचं काय? नुसतं नको म्हटलं तर ऐकणार नाही (आमच्याकडे कोण ऐकतं!). कोणी जाऊन आलंय का? संस्थेला नेमकं काय विचारायचं? मुलांऐवजी तिथल्या शिक्षकांना मदत करता येईल असं काही असतं का?