बहिणीला एमएस आहे, आता भास होतायत. सोलापुरात कुणाला दाखवावं?

थोरली_बहीण:
धाकटी बहीण 33 वर्षांची, सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार). मागच्या महिन्यात डाव्या पायातला जोर गेला म्हणून पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन लावली. पाय सुधारला. पण घरी आली आणि तिसऱ्या रात्रीपासून झोपच उडाली. आता म्हणते, शेजारच्या कारखान्यातले माग माझं नाव घेतात. काल मागांना सुट्टी, सगळं चिडीचूप, तरी कान झाकून बसली होती. टीव्हीवर चादर टाकून ठेवलीय, त्यातून कुणीतरी बघतं म्हणे. मी आधी खाल्ल्याशिवाय भाकरी तोंडाला लावत नाही. सासरचे म्हणतात बाहेरचं आहे, अमावस्येला बाबाकडे नेऊ. एका डॉक्टरांनी तर तिला न बघताच फोनवर झोपेची गोळी सांगितली. मेंदूवाले की मानसोपचारवाले? की सरळ पुण्याला न्यावं?

विजापूर_वेस:
ताई, आधी गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. आमच्या ह्यांचे पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन चालू होती. गावी गेलो, गोळी संपली, चार दिवस तशीच राहिली. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली त्यांना, चपलेनं मारत होते. बॅक्लोफेन एकदम बंद झाली की भास होतात, फिटही येऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिची एखादी गोळी चुकली नाही ना?

वॉर्डातली_सिस्टर:
मी मानसोपचार विभागात काम करते, डॉक्टर नाही. एमएसमध्ये असे भास-संशय शंभरात साधारण दोन ते चार जणांना होतात, म्हणजे ऐकिवातलं नाही असं नाही. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजून मेंदूत डाग पडतात. कानशिलाजवळच्या भागात डाग असले तर हे जास्त दिसतं. पण तुमच्या बहिणीच्या तारखा बघता पहिला संशय स्टेरॉइडवर जातो. 1972 च्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला 80 मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोन (एक स्टेरॉइड) घेणाऱ्यांत 18 टक्क्यांना मानसिक त्रास झाला होता, आणि सलाइनमधला डोस त्याच्या कितीतरी पट असतो. तरी उतरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका. लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्गानंही डोकं असं भरकटतं.

दोन्ही डॉक्टर लागतील, आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. ते तुम्हीच घडवून आणा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्म, सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घ्या. भासांवरची जुनी औषधं एमएसवाल्यांना फार ताठर करतात, म्हणून बहुधा नवीन औषध, तेही थोड्या डोसनं सुरू करतात. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416, मराठीत बोलतात. जेवण-पाणी सुटलं किंवा जीव द्यायची भाषा आली तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या.

आणि तिच्याशी वाद घालू नका. "माग बोलत नाहीत" म्हणू नका, "हो बोलतात" पण नको. "तुला ऐकू येतंय, मला येत नाही, पण मी इथंच आहे," एवढंच.

होटगी_रोड:
पुण्याची घाई करू नका. अडीचशे किलोमीटर, त्यात हे ऊन. एमएसवाल्यांना उकाड्यानं जुनी लक्षणं पुन्हा उफाळतात. इथं निदान होऊ द्या. पुढं मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुणे शाखेला जरूर फोन करा. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा.

थोरली_बहीण:
सगळ्यांचे आभार. गोळी चुकलेली नव्हती. लघवीत इन्फेक्शन निघालं, त्याचं औषध चालू झालं. दोन्ही डॉक्टर माझ्यासमोर फोनवर बोलले, स्टेरॉइड लवकर उतरवतायत, रात्रीची एक छोटी गोळी दिलीय. परवा सहा तास झोपली. सासूबाईंना डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा दाखवल्या, बाबाचं सध्या थांबलंय. माग अजून बोलतात म्हणते. पण काल संध्याकाळी तिनंच विचारलं, "तुला खरंच ऐकू येत नाही?" मी म्हणाले, नाही गं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मंगळवारी एमआरआय आहे. सिस्टर, सहा वर्षांपूर्वीच्या फिल्मपण न्याव्यात का?

वॉर्डातली_सिस्टर:
सगळ्या न्या. नवा डाग कुठला, हे जुन्या शेजारी ठेवल्यावरच कळतं.