मदत हवी आहे: एक ओढा, तीन ग्रामपंचायती, पाण्याचा करार कसा करायचा?

आमच्या ओढ्यावर तीन गावं, ग्रामपंचायती वेगवेगळ्या, पण जमिनीखालचं पाणी एकच. गावकऱ्यांच्या सहभागातून भूजल सांभाळायची केंद्राची अटल भूजल योजना आली, तेव्हापासून खालची दोन गावं पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, निरीक्षण विहिरींची पातळी किती, रब्बीला किती उरतं, सगळं शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक आणि कृषी सहायक आकडे तपासून देतात. नवी बोअर नको, नवा ऊस नको, असे ठराव दोन्ही ग्रामसभांनी केलेत.

वरच्या गावात मात्र ठराव होत नाही. तिथे बोअर पडतच आहेत आणि आमच्या विहिरी डिसेंबरातच तळ गाठतात. त्यांचीही अडचण खरी आहे. कर्ज काढून लावलेल्या डाळिंबाच्या बागा कोण वाळू देईल?

पाण्याच्या ताळेबंदावर पिकं ठरवणाऱ्या हिवरे बाजारचं उदाहरण माहीत आहे, पण तो एकाच गावाचा निर्णय. २००९ च्या भूजल अधिनियमाबद्दल विचारलं, तर आमचं क्षेत्र अधिसूचित, म्हणजे उपशावर निर्बंधांसाठी सरकारने जाहीर केलेलं, नाही असं उत्तर मिळालं. कोर्टकचेरी नको, तिन्ही गावांत सोयरिकी आहेत.

रब्बीच्या पेरणीआधी काहीतरी लेखी व्हायला हवं. अनेक ग्रामपंचायतींचा असा करार कोणी केलाय का? सह्या कोणाच्या घेतल्या, मोडणाऱ्याला कोण विचारतं, आणि वरच्या गावाला उपसा कमी करण्याच्या बदल्यात काय दिलंत?