हडळ एकदा किंचाळली की थांबतच नाही. सेन्सरचं काय चुकतंय?

इंदिरानगरचा_बाबा
३१ ऑक्टोबरला सोसायटीतल्या पोरांचं हॅलोविन आहे. (आई म्हणते, सर्वपित्री आत्ता कुठे झाली आणि तू भुतं परत बोलावतोयस. असो.) भोपळे कोरत बसण्यापेक्षा आपली हडळ बरी म्हणून बनवली. बायकोची जुनी पांढरी साडी, थर्माकोलचं डोकं, केसांना काथ्या. आत भंगारातून आणलेली वायपरची मोटर, ती फिरली की हात वर येतात.

सेन्सर एचसी-एसआर५०१ (अंगाच्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारा), एम.जी. रोडवर शंभराच्या आत मिळाला. त्याचं आउटपुट बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून रिलेला (विजेवर चालणारा स्विच), रिलेवर मोटर आणि किंकाळीचा छोटा बोर्ड. सगळं एकाच १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर. हडळ जिन्याशेजारच्या भिंतीला टेकवून उभी आहे आणि सेन्सर समोरच्या खांबावर, तिच्याकडे तोंड करून. म्हणजे पोरं बरोबर मध्ये येतात.

अडचण अशी, की कोणी गेलं की हात वर, किंकाळी, हात खाली आणि तीनेक सेकंदांनी पुन्हा तेच. समोर माणूस नाही, मांजर नाही. परवा प्लग काढायचा विसरलो. रात्री साडेबाराला सुरू झाली ती थांबेचना. वॉचमनकाका काठी घेऊन जिन्यात आणि तळमजल्याच्या आजी देवापुढे दिवा लावून बसलेल्या. सगळ्या बिल्डिंगची बोलणी खाल्ली.

उलट दुपारी तीनला समोर उभं राहून हात हलवले तर ढिम्म. सेन्सरच खराब आहे का?

रिलेवाला
रिलेच्या कॉइलवर, बंद होतानाचा झटका जिरवायला, उलटा डायोड लावलाय का? नसेल तर १एन४००७ लाव, पट्टी प्लसकडे. मोटर आणि सेन्सर एकाच सप्लायवर ठेवू नकोस. मोटर ओढते तेव्हा व्होल्टेज बसतं आणि सेन्सर येड्यासारखा वागतो. वेगळा सप्लाय नसेल तर सेन्सरच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक.

सातपूरची_ताई
डायोड हवाच, पण मला दुसराच संशय आहे. या सेन्सरचं आउटपुट बंद झालं की तो साधारण अडीच सेकंद आंधळा असतो. मोटर बंद होतानाचा झटका या वेळात येतो, तो त्याला दिसत नाही. तुमची हडळ तीन सेकंदांनी उठते, म्हणजे डोळे उघडल्या उघडल्या त्याला काहीतरी हलताना दिसतंय. दादा, साडी झुलत असणार! ती भिंत दिवसभर उन्हात असते का? तापलेल्या भिंतीपुढे गार कापड हललं की त्याला माणूसच वाटतो. त्याला आकार कळत नाही, उष्णतेतला बदल तेवढा कळतो.

दुपारचं कोडंही त्यातच आहे. भिंत आपल्या अंगाइतकी तापली की माणूस आणि भिंत त्याला सारखेच.

मोटर तशीच ठेवा, फक्त साडी काढून बघा.

इंदिरानगरचा_बाबा
ताई, भिंत पश्चिमेची! रात्री दहाला हात लावला तर अजून कोमट. साडी उतरवली तर मोटर एकदाच फिरली आणि गप्प. दहा मिनिटं उभा राहिलो, काही नाही. (नुसती काठी आणि मुंडकं, तीच जास्त भीतीदायक दिसत होती.) डायोड नव्हताच, तोही लावला.

आता सेन्सर कुठे लावू?

सातपूरची_ताई
हडळीच्या बाजूला, वाटेला आडवा. पोरं त्याच्या अंगावर चालून येण्यापेक्षा समोरून आडवी गेली की तो चटकन पकडतो. वायरिंगच्या पाइपाचा दोनेक इंचाचा तुकडा भिंगावर बसवा, म्हणजे शंभरेक अंशांऐवजी एक पट्टाच दिसेल. बसेल तेवढ्या रुंदीचा घ्या. वेळेचा स्क्रू पूर्ण डावीकडे. आणि चालू केल्यावर मिनिटभर थांबा, तोवर तो उगाचच उठतो.

रिलेवाला
साडीचं मला सुचलं नसतं. मान गये.

इंदिरानगरचा_बाबा
काल रात्री झालं सगळं. पाइपाचा तुकडा जरा तिरका बसलाय, पण एका पोरामागे एकच किंकाळी. एकाने चप्पल फेकून मारली, थर्माकोलचा कान गेला.

आता तळमजल्याच्या आजी विचारतायत, १ तारखेपासून ही जास्वंदीजवळ लावता येईल का. पहाटे साडेपाचला कोणीतरी फुलं तोडून नेतं म्हणे.