सल्ला हवा: मालवणहून दोन दिवसांत पाहून येता येईल अशी, अंगावर काटा आणणारी संग्रहालयातील वस्तू

मालवणची_मावशी (प्रश्न)
नमस्कार. माझी बारा वर्षांची भाची सुटीसाठी आमच्याकडे मालवणला आली आहे. देवचाराच्या आणि हडळीच्या गोष्टी ऐकून झाल्या असून, आता "खरोखर असलेली आणि तरीही भीती वाटेल अशी वस्तू दाखव" असा तिचा हट्ट आहे. आमच्या हाती दोन दिवस आणि दोघींत मिळून ४,००० रुपये आहेत, प्रवास एस.टी.नेच करायचा आहे. जिच्यासमोरून पाय निघत नाही आणि घरी परतल्यावरही जी मनातून जात नाही, अशी वस्तू एखाद्या संग्रहालयात आपण पाहिली असेल, तर कृपया कळवावे.

वेंगुर्ल्याचा_प्रवासी
ताई, जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातील ममी दाखवा, दुसरा विचार करू नका. तुतू नावाच्या स्त्रीचा तो देह इजिप्तमधून आलेला असून सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये अतिवृष्टीचे पाणी संग्रहालयात शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी पेटीची काच फोडून ती ममी बाहेर काढली. कोरड्या वाळूत शेकडो वर्षे टिकलेला देह राजस्थानात पुराच्या पाण्यात जाता जाता वाचला, हे समजल्यावर मी तिच्यासमोर पुन्हा जाऊन उभा राहिलो. आम्हा चौघांना मिळून २८,००० रुपये खर्च आला, पण त्याचे मला आजही दुःख नाही.

कणकवली_७२
ममीच पाहायची असेल तर जयपूरपर्यंत जाण्याचे कारण नाही. हैदराबादला तेलंगण राज्य संग्रहालयात ममी आहे आणि ती सातव्या निजामाकडून आलेली आहे. माझ्या मुलाने ती पाहिल्यानंतर आठ दिवस दिवा मालवू दिला नाही.

खेडचा_सुभाष
मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानाचा वाघ प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो की त्याच्यासारखी वस्तू दुसरी नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. लाकडी वाघ एका गोऱ्या माणसावर चढून त्याचा गळा धरतो आहे. बाजूची मूठ फिरवली की पोटातील भात्यांतून वाघाची गुरगुर आणि त्या माणसाचे कण्हणे ऐकू येते व त्याचा हात वरखाली होतो. मी गेलो त्या दिवशी तो चालवून दाखवला नाही, पण त्या माणसाचे उघडे डोळे पाहूनच मला अस्वस्थ वाटले.

मालवणची_मावशी
आपणा सर्वांचे आभार. मात्र ४,००० रुपये आणि दोन दिवस ही मर्यादा खरीच आहे, हे पुन्हा नम्रपणे लक्षात आणून देते.

रत्नागिरीकर_वहिनी
रत्नागिरीला या. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयाला जोडूनच संग्रहालय आहे आणि तिथे व्हेलचा सांगाडा आहे. त्या जबड्याशेजारी माणसाने उभे राहिल्यावर आपण ज्या समुद्रात दिवाळीपासून मेपर्यंत निर्धास्त उतरतो, त्याचा अर्थ बदलतो. मला स्वतःला सांगाड्यापेक्षा बरण्यांतल्या, रंग उडालेल्या माशांची जास्त भीती वाटली.

पडवीतला_पाट
एक सावधगिरीची सूचना. आमच्या पडवीत आजोबांच्या काळातील, पेंढा भरलेले बिबट्याचे मुंडके होते. एका गणपतीच्या आधी मी ते ओल्या फडक्याने नीट पुसले आणि दोन दिवसांत मनगटापर्यंत फोड आले. कारण डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. परंतु जुन्या काळी अशी कातडी कसर लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त साबणाने तयार करीत, हे मला त्यानंतर समजले. म्हणून भाचीला पेंढा भरलेल्या कोणत्याही जुन्या प्राण्याला हात लावू देऊ नका. ते काचेचे डोळे रात्री कंदिलाच्या उजेडात आपल्यामागून फिरत, तेही मी विसरलो नाही.

कणकवली_७२
त्या मुंडक्याचे मालकी प्रमाणपत्र आपल्याकडे आहे का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते लागते.

पडवीतला_पाट
आहे. काकांनी वेळेत घेतले होते. ते मुंडके आता माळ्यावर आहे.

सावंतवाडी_सई
जुन्या गोव्याला बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह पाहा. ते १५५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या उजव्या हाताचा एक भाग वेगळा करून रोमला नेलेला आहे.

खाडीपलीकडे
सई, ते संग्रहालय नाही, श्रद्धास्थान आहे, आणि भीतीची वस्तू म्हणून त्याचे नाव सुचवू नये असे मला मनापासून वाटते. शिवाय देहाचे जवळून दर्शन सुमारे दहा वर्षांनी एकदाच होते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. एरवी तो चांदीच्या पेटीत उंचावर असतो, त्यामुळे मुलगी हिरमुसेल.

कुडाळचो_झील
इतक्या लांबच्या गोष्टी निघाल्या आणि पिंगुळी कोणालाच आठवले नाही, याचे वाईट वाटते. कुडाळला उतरून रिक्षाने ठाकर आदिवासी कला आंगणात जा. ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्या परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात उभे केलेले ते संग्रहालय आहे. चामड्याच्या बाहुल्या नुसत्या टांगलेल्या असतात तेव्हा वाळलेल्या पानांसारख्या दिसतात. दिवा मागे ठेवून पडद्यावर आणल्या की मात्र त्याच चामड्याच्या भोकांतून डोळे उघडतात. खेळ पाहायचा असेल तर आधी कळवून जा. आपल्या पैशात हे सहज बसते आणि पैसे उरतील.

रत्नागिरीकर_वहिनी
पिंगुळीला माझेही अनुमोदन, पण आधी व्हेल पाहावा.

पणजीत_नोकरी
गोवा राज्य संग्रहालयाच्या संग्रहात इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज अमलातील ख्रिस्ती धर्मन्यायालयाचे, कोरीव लाकडी मेज आहे. धर्मन्यायालय गोव्यात १५६० ते १८१२ या काळात चालले, मधली काही वर्षे वगळता. त्याच्या १७३६ च्या फर्मानात धर्मांतरितांनी अंगणात तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, अशी बंधने होती. मेजावर रक्ताचा डाग नाही की कवटी नाही. मी मात्र त्याच्यासमोर पाच मिनिटांहून अधिक थांबू शकलो नाही. पाटो येथून संग्रहालय जुन्या सचिवालयात, म्हणजे आदिलशाही वाड्यात हलवले आहे, म्हणून मेज मांडलेले आहे की नाही हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारा.

वेंगुर्ल्याचा_प्रवासी
लहान मुलीला मेज दाखवण्यासाठी सुटीचे दोन दिवस घालवू नयेत. ती कंटाळेल.

कुडाळचो_झील
मलाही तसेच वाटते. मेज कोणाच्याही घरी असते.

मालवणची_मावशी
काल रात्री आपली सर्व उत्तरे भाचीला वाचून दाखवली. ममी आणि वाघ ऐकताना ती आनंदाने प्रश्न विचारत होती, व्हेलची लांबी किती असेल याचा अंदाज करीत होती. मेजाचे ऐकल्यावर मात्र "त्याच्या समोरच्या बाजूला कोण उभे राहत असे?" एवढेच तिने विचारले आणि बराच वेळ काही बोलली नाही. आज दुपारी जेवताना ताटातील भाताकडे पाहून तिने मला विचारले, "मावशी, आपण यात मीठ घातले आहे का?" आम्ही घालत नाही. मी कधी त्याचा विचारही केला नव्हता.

म्हणून आपणा बहुतेकांचा सल्ला बाजूला ठेवून आम्ही पणजीला जायचे ठरवले आहे. उद्या सकाळी संग्रहालयाला दूरध्वनी करीन. मेज पाहायला मिळणार असेल तर परवाच्या पहिल्या गाडीने निघू, आणि येताना पैसे उरले तर कुडाळला उतरू.